रिकामं पिंप

“अगं बाई, रिकामं आहे ते! थेंब नाही आत.” गोठेवाल्यानं पिंप आडवं धरून गदागदा हलवलं. आत काहीच वाजलं नाही. “झालं समाधान? आता काप.”

“रिकामं आहे म्हणूनच नाही म्हणते,” लोहाराची सून म्हणाली. तिनं बूच काढलं, भोकाशी वाकून हुंगलं आणि झटक्यानं तोंड बाजूला केलं. “थिनर होतं यात. त्याची वाफ अजून आत कोंडलीय. ठिणगी पडली की पेटायचं अन् पिंप फुटायचं. भरलेल्यापेक्षा हे रिकामं वाईट.”

उंबऱ्यावर बसलेल्या म्हाताऱ्या लोहारानं कपाळावर हात मारला. पन्नास वर्षं त्यानं भात्यापुढं काढली होती. नांगराचे फाळ, कुदळी, विळे, गाड्यांच्या धावा, काय म्हणून त्याच्या हाताखालून गेलं नव्हतं? पण भरल्यापेक्षा रिकामं वाईट, असलं शहाणपण त्यानं जन्मात ऐकलं नव्हतं.

“मग करायचं तरी काय त्याचं? पूजा?” गोठेवाला वैतागला. त्याच्याकडं दहा जनावरं होती. शेण-मूत गोळा करायला टाक्या हव्या होत्या, म्हणून भंगारातून दोन पिंपं उचलून आणली होती. उभी चिरायची की चार टाक्या तयार, असा त्याचा हिशोब.

“धुवायचं. मग पाण्यानं भरायचं, कापायच्या जागेपर्यंत. वाफेला आत जागाच ठेवायची नाही. उद्या सकाळी देते.”

“पाण्यानं?” गोठेवाला तिच्याकडं बघतच राहिला. “विहिरीत बादली खडखडतेय, माझी जनावरं माना टाकून उभी आहेत, अन् तू पिंपात पाणी ओतणार? शेणाच्या टाकीसाठी?”

खरंच, दिवस तसलेच होते. वारा भट्टीतून आल्यासारखा अंगावर यायचा. शेतातल्या काळ्या मातीला भेगा पडलेल्या, त्यात हात कोपरापर्यंत जावा. नांगरलेली ढेकळं वाळून दगड झाली होती. हंड्याभर पाण्यासाठी बायका तास तास ओळीत उभ्या राहायच्या.

“पाणी मी आणीन,” सून म्हणाली. “तुम्ही पिंप ठेवून जा.”

“एक ठेवतो. दुसरं नेतो पलीकडच्या गावच्या वेल्डरकडं. बघू आधी कोण देतं ते.” गोठेवाल्यानं एक पिंप परत गाडीत टाकलं.

“त्यालाही सांगा पाणी भरायला. विसरू नका!” ती मागून ओरडली. त्यानं नुसता हात हलवला आणि गाडी धुरळ्यात दिसेनाशी झाली.

म्हाताऱ्याच्या डोक्यात लगेच चक्र सुरू झालं. गिऱ्हाईक आपल्या दारात आलेलं आणि ही त्याला पलीकडच्या गावाला घालवते? का बरं? काहीतरी साटंलोटं असणार.

म्हातारा तसा वाईट नव्हता हो. पण संशयी असा, की स्वतःच्या सावलीलाही विचारील, कुठं निघालीस म्हणून. त्यात मुलानं घाव घातलेला. मुलगा मळणीयंत्राबरोबर आठ-आठ महिने दूर मुलखात फिरायचा. जाण्याआधी त्यानं हे मशीन आणलं, प्लाझ्मा कटर. वीज आणि हवा यांच्या जोरावर बोटभर जाडीचं लोखंड लोण्यासारखं चिरायचं. त्याच्या बायकोनं शहरात राहून सहा महिने त्याचं शिक्षण घेतलेलं. म्हणून त्यानं कारखान्याची चावी बायकोच्या हातात ठेवली. बाप शेजारीच उभा होता.

तेव्हापासून म्हाताऱ्याचे डोळे सुनेच्या मागं मागं. आणि बघावं तर तिचं एकेक वागणं संशय यावा असंच! रोज सकाळी कारखान्याभोवतीचं वाळलं गवत उपटून काढायची, जमीन झाडायची, वर पाणी शिंपडायची. ठिणगीनं आग लागू नये म्हणून, असं ती म्हणे. म्हाताऱ्याच्या मते ती कुणाच्या तरी पावलांचे माग पुसत होती. काम सुरू करायच्या आधी जाड ताडपत्रीचा पडदा ओढायची. बाहेरच्यांच्या डोळ्यांना तो उजेड बाधतो म्हणून. पण झाकून करण्यासारखं काय होतं? हवा भरायच्या कॉम्प्रेसरच्या बुडाची तोटी उघडून फुस्सकन हवा सोडायची आणि चमचाभर गढूळ पाणी बाहेर काढायची. हवा ओली असली की मशीन बिघडतं म्हणे. विजेवर भरलेली हवा अशी उधळायची?

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. कारखाना बंद करताना ती मशीनपाशी वाकायची, काहीतरी काढायची, फडक्यात गुंडाळायची आणि कोटाच्या खिशात टाकायची. रोज. एकदाही चुकायची नाही. म्हाताऱ्यानं ते ताडपत्रीच्या फटीतून तीन वेळा पाहिलं होतं.

“चोरते आहे ती. माझं ऐक,” त्यानं बायकोला सांगितलं होतं.

“स्वतःच्या घरातलं चोरून नेणार कुठं? तुमच्या घरात?” म्हातारी भाकरी थापता थापता म्हणाली होती. “देवानं तुम्हाला डोळे दोन दिले अन् संशय चार.”

तरी त्यानं मागच्या फोनवर मुलाला बजावलंच होतं. “हे मशीन आपल्या घराला लाभत नाही. पुढच्या फोनला सांगतो, ठेवायचं की विकायचं.” मुलगा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. मशीन गेलं की सुनेनं खुरपं घेऊन दुसऱ्यांच्या शेतात रोजानं जायचं, हे न बोलता ठरलेलं होतं. तिलाही ते माहीत होतं. आणि तो पुढचा फोन आज संध्याकाळी यायचा होता.

सुनेनं मशीनपाशी वाकून जे काढायचं ते काढलं, कारखान्याला कुलूप घातलं, हातगाडीवर चार कॅन चढवले आणि विहिरीची वाट धरली. अंगात तो जाड सुती कोट तसाच. एवढ्या उन्हात कोट! खिशात काही नसतं तर काढला नसता का?

ती वळणाआड गेली तसा म्हातारा उठला. कमरेची चावी काढली. चावी कुठली, म्हणाल तर त्यानंच घडवलेली. सुनेची चावी एकदा खुंटीवर राहिली होती, तेवढ्यात ओल्या मातीवर ठसा घेतला आणि चार दिवस कानस मारून हुबेहूब दुसरी केली. लोहारच तो, त्याला काय अवघड! कुलूप पहिल्याच फिरकीला उघडलं, तेव्हा त्याला स्वतःच्या हाताचं कौतुकच वाटलं.

पिंप मधोमध ठेवलेलं होतं. बूच उघडं. आतून गोडसर, डोक्यात जाणारा वास येत होता.

“वाफ म्हणे,” म्हातारा पुटपुटला. “आत्ता दोन तुकडे करून दारात ठेवतो. येऊन बघ म्हणावं.”

फटीतून बघून बघून त्याला सगळं पाठ झालं होतं. बटण दाबलं. कॉम्प्रेसर धडधडायला लागला. अर्थिंगचा चिमटा पिंपाच्या कडेला लावला. हातमोजे त्याला नकोच होते, घट्टे पडलेले हात त्याचे. काळा चष्मा मात्र त्यानं चढवला, डोळ्यांची काळजी त्याला होती. मशीनची नळी उचलली, तोंड पिंपावर टेकवलं आणि घोडा दाबला.

काही नाही.

पुन्हा दाबला. जोरात दाबला. शिवी घालून दाबला. मशीनवर एक लाल दिवा तेवढा मख्खपणे पेटून राहिला. चष्मा वर करून त्यानं नळीचं तोंड डोळ्यांपुढं धरलं. रोज तिथं एक टोपी आणि तांब्याची चिमुकली टिप बसवलेली असायची. आता नुसतं बोळकं होतं.

म्हाताऱ्याला क्षणभर राग आलाच नाही. आनंद झाला! इतके दिवस ज्याच्यावर पाळत ठेवली तो चोर एकदाचा मुद्देमालासकट हाती लागला होता. त्यानं बटण बंद केलं, बाकी सगळं तसंच टाकलं आणि तापलेल्या फुफाट्यातून तरातरा विहिरीकडं निघाला.

विहिरीवर आठ-दहा बायका होत्या. सुनेचे तीन कॅन भरून झाले होते, चौथा भरत होता. बायका तिच्याशी भांडत होत्या, पाणी पिंपात ओतणार म्हणून. ती एकीला समजावत होती, “फुकट नाही घालवणार मावशी, कापून झालं की तेच पाणी पुढच्या कामाला ठेवणार.”

“थांबा सगळ्याजणी!” म्हातारा धापा टाकत ओरडला. “आधी हिचा खिसा बघा. खिसा उलटा कर गं!”

“मामंजी, काय झालं?”

“काय झालं ते तूच सांग. रोज काय घेऊन जातेस? मांजर डोळे मिटून दूध पितं, त्याला वाटतं कुणी बघत नाही. मी बघतो! दाखव खिसा!”

बायका पुढं सरकल्या. एकीचा पोहरा अर्ध्यावरच लटकत राहिला. सुनेचं तोंड लाल झालं. चारचौघीत सासऱ्यानं चोर म्हणावं, याहून मोठी बेअब्रू कुठली? पण ती रडली नाही. कोटाच्या खिशातून तिनं फडकं काढलं, तळहातावर उलगडलं. टोपी आणि तांब्याची टिप.

“सापडली!” म्हाताऱ्यानं हात वर केले. “बघा गं, बघा! मशीनचं काळीज काढून आणलंय हिनं!”

“हो. मीच काढते,” सून म्हणाली. “ही टोपी नसली की मशीन चालूच होत नाही. म्हणून काढते. पण मामंजी, मी कुलूप घालून आले होते. ही मशीनला नाही, हे तुम्हाला कुठून कळलं?”

म्हाताऱ्याचे हात वरच राहिले.

कुणीतरी फिसकन हसलं. मग दुसरी. “सांगा की आता!” मागून एक म्हातारी म्हणाली. लोहारानं हात खाली घेतले, घसा साफ केला. काहीतरी जुळवायला त्याला अवधी हवा होता. तो मिळाला नाही, कारण तेवढ्यात पांदीतून गोठेवाला पळत आला. गाडी नाही, पायात वहाण नाही, एका बाजूचे केस होरपळलेले. तो ओरडत होता, अगदी समोर येऊन उभा राहिला तरी ओरडतच होता.

“कापू नका! ते पिंप कापू नका!”

“नाही कापलं. काय झालं?” सुनेनं विचारलं.

“मोठ्यानं बोल! कानाला ऐकू येत नाही!” त्याला धाप लागली होती. “फुटलं गं ते दुसरं! त्यानं नळी टेकवली फक्त... टेकवली अन् धाडकन आवाज! पिंपाचं बूड उडून छपरातून बाहेर गेलं. वेल्डर भिंतीवर आपटला. हात मोडला, तोंड भाजलं, माझ्याच गाडीतून नेलाय दवाखान्यात. जीव आहे. मी दाराबाहेर तंबाखू मळत होतो म्हणून वाचलो.”

“पाणी भरायला सांगितलं होतं ना मी?”

त्याला ते ऐकू आलं नाही, की ऐकू येऊनही त्यानं मान खाली घातली, कोण जाणे. तो मटकन खाली बसला. बायकांनी त्याला पाणी पाजलं, डोक्यावर ओतलं. आता पाणी वाया जातं म्हणून कुणी ओरडलं नाही.

म्हातारा लोहार त्याच्या होरपळलेल्या केसांकडं बघत होता. नळी टेकवली फक्त, असं तो म्हणाला. म्हाताऱ्यानंही टेकवली होती. एकदा नाही, चारदा दाबला होता घोडा.

सुनेनं हातगाडी वळवली. म्हातारा मागून मागून चालला. उतारावर चाक ढेकळात रुतलं, तेव्हा त्यानं पुढं होऊन जोर लावला. तिनं त्याच्याकडं पाहिलं नाही. कारखान्याचं दार सताड उघडं होतं. अर्थिंगचा चिमटा अजून पिंपाच्या कडेला दात रुतवून होता. तो बघितला आणि मग मात्र तिच्या हातून गाडीचा दांडा सुटला. ती तिथंच जमिनीवर बसली आणि तिला रडू फुटलं. विहिरीवर आवरून धरलेलंही त्यातच बाहेर आलं.

“यालाच... यालाच भ्यायचे मी,” ती हुंदके देत म्हणाली. “रोज. तुम्ही फटीतून बघता हे मला ठाऊक होतं. मला वाटायचं, एक दिवस हे जातील मशीनपाशी. म्हणून ती टोपी काढून न्यायचे. भाकरी खायला गेले तरी न्यायचे.”

“मला विचारायचं तरी,” म्हातारा कसाबसा म्हणाला.

“ऐकलं असतंत?”

त्यानं प्रामाणिकपणे विचार केला. “नाही,” तो म्हणाला.

मग त्यानं कमरेची चावी काढली आणि तिच्यापुढं धरली. तिनं चावी उलटीपालटी करून बघितली. कडा कशा सफाईनं घासल्यात त्यावरून बोट फिरवलं. “काम चांगलं केलंय,” ती नाक ओढत म्हणाली आणि चावी खिशात टाकली. मग उठली, चिमटा सोडवला, पिंप धुवायला घेतलं. म्हातारा एकेक कॅन उचलून देत राहिला.

संध्याकाळी फोन आला. म्हातारी चुलीपाशी होती, सून ओट्यावर हातपाय धूत होती. म्हाताऱ्यानं फोन कानाला लावला. मुलाचा आवाज एवढा मोठा की सगळ्या घराला ऐकू यावा.

“काय ठरलं, बाबा? विकायचं का मशीन? इथं एक जण घ्यायला तयार आहे.”

ओट्यावरचा पाण्याचा आवाज थांबला.

“काही विकायचं नाही,” म्हातारा म्हणाला. “राहू दे. तीच चालवील. माझ्याकडं एक चावी होती, तीही तिनं काढून घेतली.”

“तुमच्याकडची चावी काढून घेतली? का?”

“माझ्यावर विश्वास नाही तिचा. काडीचा नाही.”

“म्हणजे काय?” पलीकडं मुलगा तापला. “सासऱ्यावर विश्वास नाही? द्या तिला फोन. आत्ताच्या आत्ता विचारतो तिला.”

“गप बस!” म्हातारा असा ओरडला, की चुलीपाशी म्हातारीच्या हातातली भाकर तव्याबाहेर पडली. “तिला एक शब्द बोलायचं नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला असता, तर आज हा फोन तुझ्या आईनं उचलला असता.”