अॅक्सिलरेटरवरचा अंगठा

पुढे घरात दोन-तीन गाड्या आल्या, पण गाडी म्हटलं की सुवर्णाच्या डोळ्यांसमोर मखमलाबादच्या मळ्यातली ती पांढरीच उभी राहायची. सीटच्या कापडात मुरलेला गुलाबाचा वास, उन्हाने वाकलेल्या कॅसेटी, आणि दार उघडल्यावर आधी चपला काढणारे सासरे. कारभारीनानांनी उभं आयुष्य डिझेलच्या पिकअपवर फुलं बाजारात नेली. मग शहाण्णव सालची ही पेट्रोलगाडी वापरलेली घेतली. गाडी म्हणजे लक्ष्मी, तिला चप्पल लागू द्यायची नाही, म्हणून ते ती अनवाणी चालवत.

दोन हजार तीन साली दिशा झाली तीच एक पाऊल आत वळलेलं घेऊन. देवळाली कॅम्पातल्या डॉक्टरांनी दर शुक्रवारी प्लॅस्टर बदलायचं ठरवलं. पाऊल अजून कोवळं आहे, एकही आठवडा चुकवू नका, नाहीतर सरळ झालेलं पुन्हा वळेल, असं त्यांनी बजावलं होतं. नवरा, ओम, कळवणच्या बँकेत, शनिवारी यायचा. प्लॅस्टर घातलेलं तान्हं घेऊन दोन बस बदलण्यापेक्षा सुवर्णा नानांची ती गाडी स्वतः चालवत नेऊ लागली. लायसन्स कॉलेजात असतानाच काढलेलं होतं.

दुसऱ्याच शुक्रवारी कॅम्पाच्या अलीकडच्या रेल्वे फाटकात गाडी बंद पडली. फाटकापाशी नाही, थेट रुळांवर. पुढची रिक्षा थांबली म्हणून सुवर्णाने पाय काढला, इंजिन थरथरलं आणि गप्प झालं. चार जवानांनी ढकलून पलीकडे नेली तेव्हा मागच्या सीटवर दिशा शांत झोपलेली होती.

नानांनी किल्ली आपल्या खिशात ठेवली. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. सासूबाई, सरुबाई, भाकरी थापता थापता म्हणाल्या, "गाडी बी माणूस वळखती. ह्यांच्या हाताखाली कशी गाईवानी चालती."

आणि ते खरंच होतं. नानांच्या हातात गाडी कधी म्हणजे कधी बंद पडली नव्हती. फाटकातल्या प्रकारानंतर पेठ रोडच्या समाधान मेकॅनिकने स्क्रू फिरवून इंजिनाची रेस वाढवून दिली होती, नानांनी एक चक्कर मारून पसंतीही दिली होती. गाडीत दोष नाही म्हटल्यावर दोष कुणात, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. पण लग्नसराई सुरू झाली, शुक्रवारी फुलांचा भाव चढा, नानांना निघता येईना आणि एक शुक्रवार चुकला. पुढच्या खेपेला डॉक्टर पाऊल बघून म्हणाले, आता एकही चुकवू नका. त्या दिवसापासून सुवर्णा रोज रात्री दिशाचं पाऊल बोटांनी चाचपायची आणि तिला ते कधी सरळ वाटायचं, कधी पुन्हा वळल्यासारखं.

बी.एस्सी.ला असताना प्रयोग फसला की सर विचारायचे, नेमकं काय केलं तेव्हा फसला? फाटकाआधीही वाटेत गाडी दोन-तीनदा बंद पडली होती, ते ती आठवू लागली. गाडी धावताना बंद पडत नव्हती. पाय काढला की पडायची. बाळासाठी एसी लावलेला असला तर हमखास. कॉलेज रोडच्या सायबर कॅफेत बसून, एकेक पान उघडायची वाट बघत, तिने वाचून काढलं. पाय काढला की हवेची मोठी झडप मिटते. मग इंजिन बाजूच्या एका बारीक वाटेने श्वास घेतं. त्या वाटेवर छोटा व्हॉल्व्ह असतो, तो लागेल तेवढी हवा सोडतो, एसी लावला की जरा जास्त. वाटेत काजळी साचली की व्हॉल्व्ह अडकतो आणि इंजिन गुदमरतं. सगळं तंतोतंत जुळत होतं. जुळत नव्हते ते फक्त नाना. ते काय गाडी थांबवतच नव्हते?

पुढच्या शुक्रवारी नानांनी कसाबसा वेळ काढला. सुवर्णा दिशाला घेऊन मागे बसली आणि दोन सीटांच्या फटीतून बघत राहिली. फाटक बंद होतं. नानांनी हँडब्रेक ओढला. ब्रेकवरून त्यांचा अनवाणी पाय उठला आणि अंगठा हलकेच अॅक्सिलरेटरवर जाऊन टेकला. इंजिन एकसुरात घुमत राहिलं. पिकअपची सवय, थंडीच्या पहाटे ती अशीच जागी ठेवावी लागायची.

"नाना, अंगठा उचला बरं जरा."

"का गं?"

"एकदाच. उचला."

त्यांनी उचलला. गाडीला हुडहुडी भरल्यासारखं झालं आणि ती बंद पडली. नाना आपल्या पायाकडे बघत बसले. त्यांनी गाडी चालू केली, अंगठा उचलला, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा केलं ते बहुतेक स्वतःची खात्री पटावी म्हणून.

"आयला," ते हळूच म्हणाले, "म्हंजे इतकी वर्षं हिचा दम मीच धरून हाय." मग आरशातून सुनेकडे बघत म्हणाले, "आन् आम्ही तुला बोल लावला."

परतताना ते सरळ समाधानकडे गेले. सुवर्णाने व्हॉल्व्हची जागा सांगितली. समाधान म्हणाला, वहिनी, आम्ही जुन्या कार्ब्युरेटरवाले, ह्या नव्या इंजिनाला हात लावायचा धीर होत नव्हता. पण त्याने व्हॉल्व्ह खोलला. आत डांबरासारखी काजळी होती. पेट्रोल आणि ब्रशने धुऊन, कापडावर वाळवून बसवला, वाढवलेला स्क्रू पुन्हा मागे फिरवला. गाडी आधी वरखाली झाली, मग आपली आपण स्थिरावली. नाना म्हणाले, आता हिला कुणाच्या पायाची गरज नाय, आणि किल्ली सुनेच्या हातावर ठेवली.

त्यानंतरच्या शुक्रवारी ते बरोबर आले, पण मागे बसले, नातीला मांडीवर घेऊन. नाशिक रोडपर्यंत पुढे वाकून रस्ता बघत होते. सुवर्णाला आरशात त्यांचा ताणलेला चेहरा दिसत होता. तिचाही काही वेगळा नव्हता. फाटक लागलं होतं. तिने गाडी थांबवली, एसी तसाच ठेवला आणि अॅक्सिलरेटरवरून पाय काढून घेतला. इंजिन किंचित खाली गेलं. तिने श्वास रोखला. ते सावरलं आणि घुमत राहिलं.

लांबलचक मालगाडी गेली. फाटक वर उठलं. "बघितलं का, नाना?" असं म्हणत तिने मागे वळून पाहिलं, तर नाना मान टाकून गाढ झोपले होते, आणि दिशा त्यांच्या मिशीकडे एकटक बघत होती. मागच्या ट्रकने हॉर्न दिला. सुवर्णाने हलक्या हाताने गिअर टाकला आणि ते जागे होणार नाहीत अशा बेताने गाडी रुळांवरून पलीकडे नेली.