सहा ठिकाणी घासलेली पुतळी

मित्रांनो, माझी कड एका बाजूनं चपटी दिसते ना? ती जन्मापासूनची नाही. मी एक जुनी पुतळी आहे, म्हणजे माळेत ओवलेलं सोन्याचं नाणं, दूर व्हेनिसच्या टांकसाळीत घडलेलं. जहाजातून आले आणि कितीतरी गळे फिरून पुणतांब्याच्या बायडाबाईकडं पोचले. तिच्या आईच्या माळेतल्या बाकीच्या पुतळ्या इथल्याच सोनारांनी केलेल्या. अस्सल फिरंगी मी एकटी.

एकाहत्तर साली तिच्या नवऱ्याला, रंगनाथला, युरोपातली जुनी सोन्याची नाणी जमवायचा नाद लागला. मखमलीची पेटी केली, पुण्याहून पुस्तक आणलं. पुस्तकात माझं चित्र दिसलं आणि त्याची नजर माळेवर गेली.

"मधली दे. खरी निघाली तर पेटीत, खोटी निघाली तर तुझी तुला."

"आईची हाय ती," बायडाबाई म्हणाली. पण त्यानं माळेत ओवायचं माझं नाकं कापून मला काढलंच.

गावातल्या सोनारानं कसोटीच्या दगडावर घासलं, तेजाब टाकलं. "अस्सल हाय."

रंगनाथ फुलला. बायडाबाई भाकरी थापता थापता नुसतं म्हणाली, "लगीच सांगितलं व्हय? नीट बघितलं तरी का?"

झालं. दुसऱ्या दिवशी तो राहात्याच्या सोनाराकडं निघाला. खिशावर भरवसा नाही, कनवटीवर नाही, म्हणून मला गालात धरलं. एस्टीत कंडक्टरनं विचारलं, "कुठं जायचं, पाव्हणं?" हा गप्प. तोंड उघडलं तर मी बाहेर, आणि शेजारचा माणूस आधीच टक लावून बसलेला. "नगरच दिसतंय," म्हणत कंडक्टरनं तिकीट फाडलं. आम्ही मुकाट नगरला गेलो.

नगरच्या सोनारानंही खरी म्हटलं. "गिऱ्हाइकाचं तोंड बघून बोलत असत्याल," बायडाबाई म्हणाली. मग कोपरगाव, श्रीरामपूर, शिर्डी. प्रत्येक ठिकाणी रंगनाथचं एकच: "वरून सोनं, आत तांबं असंल. कानस लावा. आजून आत."

सहाव्या खेपेला राहाता गाठलं. तिथं त्यानं पुस्तक उघडून वजन करायला लावलं. पुस्तकात साडेतीन ग्रॅम. काट्यावर सव्वातीन.

"तरी म्हटलं," रंगनाथ म्हणाला.

"अवो, घासून घासून कमी झाली असंल," सोनार म्हणाला.

"व्हय का? म्हंजी तुमी बी त्या बाकीच्या सोनारांनाच सामील."

घरी येऊन त्यानं मला बायडाबाईच्या पुढ्यात टाकलं. "खोटी हाय. घे."

"असू द्या," ती म्हणाली, आणि त्याच दिवशी गावातल्या सोनाराकडून नवं नाकं बसवून आणलं. वाटेत दोनदा पदराआड हसली. मी ऐकलं.

बरीच वर्षं झाली, तरी परवा जेवताना रंगनाथ माझ्याकडं तिरका बघत म्हणाला, "खोटी म्हटल्यावर तू रडली कशी न्हाईस?"

"भाकरी वाढू का आजून?" तिनं पदर गळ्याशी ओढून घेतला.

मित्रांनो, घरातली जुनी वस्तू मऊ फडक्यानं पुसा, प्रेमानं ठेवा. खरी का खोटी हे एकदा विचारलंत तर पुरे. मला अजून धडकी भरते. पेटीतला माझ्यासाठी राखलेला मधला खण त्यानं रिकामाच ठेवलाय.