वाकडा टाका

वहिनींच्या हातचा टाका दिसत नसे. दुकानाचा मालक त्यांचा धाकटा दीर, म्हणून कारागिरांच्याही त्या वहिनीच. कोटाच्या कडेला, कॉलरपासून खालच्या गोलाईपर्यंत, हाताने बारीक टाके घालायचं काम त्यांना नवऱ्याने शिकवलं. शिकवलं कसलं, रडवलं! एक टाका तिरका गेला की अख्खी कड उसवायला लावायचा. "टाका दिसला की कारागीर उघडा पडला," म्हणायचा. तो गेला, दुकान दिराकडे आलं आणि खिडकीजवळची खुर्ची व कोटाची कड एवढंच वहिनींचं राहिलं. तेवढं पुरे होतं त्यांना.

मग एक दिवस एक जाडजूड गिऱ्हाईक नवाकोरा कोट घेऊन तणतणत परत आलं.

"हाताचं म्हणून सांगितलंत आणि मशीन मारलंत? इतकं सरळ हाताला जमतं होय?"

वहिनींनी मान वर केली. आता भाऊजी छाती फुगवून सांगतील, असं त्यांना वाटलं. भाऊजींनी माफी मागितली. चक्क माफी!

गिऱ्हाईक गेल्यावर दीर खुर्चीपाशी घुटमळला. "वहिनी, राग मानू नका. जरा टाका चुकवत चला. मधूनच एखादा लांब, एखादा तिरका. लोकांना हात दिसायला हवा."

"दिसू नये म्हणून तर जन्म घालवला, भाऊजी."

"तेव्हाची गिऱ्हाइकं वेगळी होती."

वहिनींनी प्रयत्न केला, खोटं कशाला बोला. पण मुद्दाम तिरका घातलेला टाका पुढच्या वीतभर अंतरात त्यांना इतका टोचायचा की बोटं आपसूक मागे जाऊन तो उसवून यायची. मेल्या बोटांना शहाणपण म्हणून नाही.

मग दिराने नवं मशीन आणलं. ते हातासारखं शिवायचं म्हणे. त्याला चुकायचं बटण होतं! बटण फिरवलं की टाके हवे तेवढे वेडेवाकडे. मशीन आतल्या खोलीत पडद्याआड गेलं आणि वहिनींची खुर्ची दर्शनी काचेत आली.

"तुम्ही नुसतं बसायचं," दीर म्हणाला. "हातात सुई असू द्या."

"आणि कोटाची कड?"

"ती होते आत."

त्यांना कापडाचा एक तुकडा मिळाला. दिवसभर तो शिवायचा, संध्याकाळी उसवायचा, सकाळी पुन्हा शिवायला घ्यायचा. रस्त्यावरचे लोक थांबून बघायचे, कौतुक करायचे. पिंजऱ्यातल्या पोपटाचंही करतातच की.

तेच जाडजूड गिऱ्हाईक पुन्हा आलं. नवा कोट घालून, कडेवरून बोट फिरवत काचेपाशी आलं. "याला म्हणतात हात! तुम्हीच शिवलंत ना हे?"

वहिनींनी कड चिमटीत धरली. एक टाका वाकडा. वीतभर पुढे तोच वाकडा, तसाच. पुन्हा वीतभर पुढे तोच. माणूस चुकला तरी दर खेपेला वेगळं चुकतो. गिऱ्हाइकाच्या पाठीमागे दीर उभा होता. नाही म्हटलं तर ही खुर्चीही जाणार, हे त्याच्या तोंडावर लिहिलेलं होतं. आणि खुर्ची गेली की घरच्या चार भिंती, दुसरं काय.

"हो," वहिनी म्हणाल्या. "मीच."

नवरा असता तर त्याने तो कोट गिऱ्हाइकाच्या अंगावरून उतरवून घेतला असता. वहिनींना लाज वाटली. रात्री जेवण गेलं नाही इतकी.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या त्या चष्मा घरी ठेवून. नुसतं बसायचं, तर डोळे हवेत कशाला? सुई ओवायला शेजारच्या कारागिराला सांगितलं. मग चाचपडत, बोटांच्या अंदाजाने शिवत राहिल्या. टाके धावले तिकडे धावू दिले.

दुपारी दिराने तो तुकडा उचलून दोन गिऱ्हाइकांपुढे नाचवला. "बघा, अस्सल हाताचं काम!" ती दोघं हरखली. ती गेल्यावर तो खुशीत वाकून म्हणाला, "जमलं की हो, वहिनी! इतके दिवस का जमत नव्हतं?"

"इतके दिवस मला दिसत होतं, भाऊजी."

तो हसला. त्याला थट्टा वाटली.

संध्याकाळी वहिनी उसवायला बसल्या, तर त्याने तुकडा हातातून काढून घेतला. चौकटीत बसवून भिंतीवर लावला, थोरल्या भावाच्या फोटोखाली.