आत्याने मोडलेलं लग्न

"पाणी नको. आधी बोलू दे," म्हणत गिरजाने तांब्या बाजूला ठेवला. "दादा, हे लग्न होणार नाय."

मुरबाडकडच्या घराच्या ओटीवर महिपत पत्रिकांवर नावं घालत बसला होता. त्याची धाकटी दिपिका दहा दिवसांनी गिरजाच्या धाकट्याला द्यायची होती. थोरली भूमिका सहा वर्षांपूर्वीच, दोन हजार साली, गिरजाच्या राघोला दिलेली. भावाची लेक सून करून आणली म्हणून गिरजा सासरी सापगावभर मिरवत असे.

भूमिकाला दोन बाळं झाली आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. आधी छान बाळसं धरायची, मग मान टाकायची, श्वास अडखळायचा. पहिल्याच्या वेळी गिरजाने भगताकडून अंगारे-धुपारे केले. दुसऱ्याच्या, प्रज्वलच्या वेळी तिने ठरवूनच टाकलं की दोष आईच्या दुधात आहे. तिने दूध तोडलं आणि बाळाला शेळीच्या दुधावर ठेवलं. पोर आतल्या खोलीत रडे, इकडे भूमिकाचा पदर भिजे. गिरजा मात्र बधली नाही.

मुंबईच्या मोठ्या इस्पितळात प्रज्वलचं रक्त तपासायला घेतलं होतं. त्याचा निकाल तो गेल्यावर चार महिन्यांनी, काल मिळाला. डॉक्टरीणबाईंनी राघो, भूमिका आणि गिरजा या तिघांना समोर बसवून सांगितलं. शरीराच्या कणाकणाला जोर पुरवणारी यंत्रणाच या बाळांत नीट चालत नव्हती. आईकडून एक आणि बापाकडून एक, असे दोन्ही बिघडलेले जीन आले तरच हे होतं. एकच असला तर माणूस ठणठणीत राहतो, पण तो पुढे देऊ शकतो. नवराबायको एकाच रक्ताची, म्हणून तो दोघांतही होता.

"आणि दूध?" गिरजाने विचारलं.

"दुधाचा काही संबंध नाही," बाई म्हणाल्या. रात्रभर गिरजाच्या कानात तेवढंच वाक्य होतं.

"माझ्या पोरीत खोट काढतेस, गिरजे?" हे सगळं ऐकून महिपत उसळला.

"खोट आपल्या आयबापाकडची हाय. तुझ्याकडून भूमिकात गेली, माझ्याकडून राघोत. धाकट्यांत असंल, नायतर नसंल. तपासायला लय टाइम लागतो बोलल्या बाई. मला तिसरं लेकरू पुरायचं बळ नाय रे. दिपीला दुसऱ्या घराण्यात दे, तिची पोरं जगतील."

महिपतने पत्रिका गोळा करून बाजूला ठेवल्या. मग म्हणाला, "आता लगीन मोडलेल्या पोरीला कोण करंल? लोकांना काय सांगू?"

ते गिरजाने येताना एसटीतच ठरवलं होतं. "सांग, गिरजा आयत्या वेळी मोटरसायकल मागाया लागली. हावरट हाय म्हण. मंग पोरीला कोण नावं ठेवणार नाय."

"तुझ्या तोंडाला काळं लागंल गो."

"लागू दे."

भावजयीने आतून सगळं ऐकलं होतं, पण ती बाहेर आली नाही. माहेरवाशिणीला कुंकू लावल्याशिवाय कुणी घराबाहेर पाठवत नाही. गिरजा जराशी थांबली आणि मग तिने चपला घातल्या. तिच्यासोबत आलेली भूमिका इतका वेळ दाराशी उभी होती. ती आत गेली आणि आईच्या देवघरातला कुंकवाचा करंडा घेऊन आली.

"तुझं दूध तोडलं मी, पोरी," गिरजा म्हणाली.

"हां आत्या," भूमिका म्हणाली. "तोडलंस."

तिने बोट कुंकवात बुडवलं. आत्याच्या कपाळावर कुंकू जरा वाकडं लागलं. गिरजाने ते नीट केलं नाही. तशीच ती पायऱ्या उतरली.