समासातला प्रश्न

सर कायदा शिकवायचे तेव्हा मुलांनी त्यांचं नाव 'कशावरून सर' पाडलं होतं. उत्तरपत्रिकेत कुणी आधाराशिवाय एखादं वाक्य ठोकून दिलं, की समासात तांबड्या पेन्सिलीनं तेवढा एकच शब्द यायचा. कशावरून? प्रश्नचिन्हाखाली टिंबाच्या जागी बारीकशी फुली. ती फुली पाहून भल्याभल्यांचं धाबं दणाणायचं.

कॉलेजातल्या टायपिस्टबाईंनी ते अक्षर बावीस वर्षं लावलं होतं. सर गडबडीत असले की हजेरीच्या दाखल्यांवर त्यांची सहीसुद्धा बाईच करत. "माझ्यापेक्षा तुमचीच जास्त माझ्यासारखी येते," सर हसून म्हणायचे. पुढे सर मंत्री झाले आणि बाईंना आपल्याबरोबर घेऊन गेले. नव्या कचेरीत गालिचा होता, चार टेलिफोन होते. तांबडी पेन्सिल तेवढी नव्हती. सरांनीच नको म्हटलं होतं.

त्या दिवशी एका छापखानेवाल्याला खटल्याविना आणखी वर्षभर आत ठेवण्याचा हुकूम निघायचा होता. जुन्या हुकुमाची मुदत संध्याकाळी पाचला संपत होती. बाहेरच्या बाकावर त्याची बायको मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. "पाचला सोडतील ना हो, बाई? इस्त्रीचा सदरा आणलाय, घरी येताना घालायला." बाई आत गेल्या.

त्यांनी हुकूम टाइप करून सरांपुढे ठेवला. सरांनी पेनाचं टोपण काढलं आणि थबकले.

"हे काय, बाई?"

समासात तांबडं 'कशावरून?' उमटलं होतं. खाली फुली.

"तुमचं अक्षर आहे, सर."

"ते मलाही दिसतंय. लिहिलं कुणी?"

बाईंनी दुसरा कागद लावला. यंत्रातून ओढला तेव्हा समास कोरा होता. सरांच्या टेबलापर्यंत जाईस्तोवर शब्द आलेला. बाईंच्या अंगठ्याला तांबडी भुकटी लागली होती. तिसऱ्या खेपेला सर स्वतःच यंत्राशी येऊन उभे राहिले.

"समासच सोडू नका. या कडेपासून त्या कडेपर्यंत भरा."

आजवर बाईंनी असा बिनसमासाचा कागद टाइप केला नव्हता. त्यांनी तो भरला. शब्द आला नाही. सरांनी निश्वास टाकला, झोकात सही केली आणि कागदाकडे पाहतच राहिले. सहीच्या जागी निळ्या शाईत लिहिलं होतं, कशावरून?

मग रद्दीच्या कागदावर दहा वेळा, वीस वेळा करून पाहिलं. दुसरं काही उमटेना.

"हात माझाच आहे ना, बाई?" सरांनी हळूच विचारलं.

वरून दोनदा फोन आला. पाचला सात मिनिटं उरली. सरांनी दार लावून घेतलं, हुकुमाची नवी प्रत मांडली आणि आपली खुर्ची बाईंपुढे सरकवली.

"तुम्ही करा. तुमचीच जास्त माझ्यासारखी येते." या वेळी ते हसले नाहीत.

बाई बसल्या. पेन हातात घेताच बोटं आपसूक वळली. सही अगदी टोकाशी येऊन थांबली होती. एवढ्या सहज येईल असं त्यांना वाटलं नव्हतं, आणि त्याचीच त्यांना भीती वाटली. मांडीवरची ती पिशवी डोळ्यांसमोर आली. 'सर, मला जमायचं नाही,' असं म्हणायला त्यांनी तोंड उघडलं.

"कशावरून?"

आवाज बाईंचा नव्हता. शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा, खणखणीत, वर्गातल्या सरांचा होता.

टेबलापलीकडे मंत्री हात सरळ सोडून उभे होते. नजर गालिच्यावर.

"सर," ते म्हणाले, "मी वाचून आलो नाही."

बाईंनी पेनाला टोपण लावलं. भिंतीवरच्या घड्याळानं पाच ठोके दिले, आणि बाहेर बाक कुरकुरलं.