साडेचौदाचं ॲव्हरेज

"कॅन हुंगलान?"

"हुंगलान म्हंजे? झाकण काढून नाक घातलान आत!" गिरजाबाई म्हणाली. "वर मोबाईलवर फोटो काढलान. सगली आळी बघत होती."

काळुरामने हातातला घास ताटात टाकला. "टिलरचा डिझेल हाय म्हणून सांगितलास नाय गो?"

"सांगितला ना. तर हसलान."

हसला! म्हणजे काल पेणहून येताना यज्ञेशने गाडीत गोडीगोडीने विचारलं होतं, "काका, तुमचा टिलर किती डिझेल पितो हो?" ते यासाठी होय! आणि हा भोळा सांब दोन एकर चिखलणीला किती लागतं ते कौतुकाने सांगत बसला होता. काळुरामच्या मस्तकात तिडीक गेली. बावीस वर्षं त्याच्या घरची गाडी हाकली. गोपाळसर शाळेत हेडमास्तर होते तेव्हापासून. सर गेले, मुलगा यज्ञेश इंजिनिअर झाला, पेणला त्याने ऑफिस थाटलं, आणि रोज सकाळी रोह्याहून पेण, संध्याकाळी परत, असा काळुरामचा रतीब चालू राहिला. त्या बावीस वर्षांत गाडीतला टॉवेलसुद्धा याने घरी आणला नव्हता.

आणि आज तो पोरगा, ज्याला क्लच कसा सोडायचा हे यानेच शिकवलं, तो सुट्टीच्या दिवशी हा शेतावर गेला असताना याच्या घरात शिरून कॅन हुंगतो. हुंगणार काय तर म्हणे चोरी!

भानगड होती ती ॲव्हरेजची. यज्ञेश मोबाईलवर टिपून ठेवायचा. टाकी फुल केली की मीटरचा आकडा आणि किती लिटर बसलं ते. दिवाळीपर्यंत गाडी लिटरला सोळा किलोमीटर देत होती. दिवाळीनंतर साडेचौदा. एकदा नाही, दर वेळी. म्हणजे चाळीस लिटरमागे पावणेचार लिटर डिझेल कुठे जातं? फिल्टर बदलला, हवा बघितली. मग राहिला कोण? ड्रायव्हर. ड्रायव्हरवर आळ घ्यायला मुहूर्त लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी यज्ञेश बॅग घेऊन खाली आला तर काळुराम गाडीला टेकून उभा.

"दादा, काल घरी गेला होतात."

यज्ञेश जरा गोरामोरा झाला. "काका, गैरसमज नको. आकडे बोलतात, मी नाही बोलत."

"मग आज आकड्यांनाच बोलू द्या. टाकी फुल करू, पेणला जाऊ, येऊ, परत फुल करू. गाडी नजरेआड करायची नाय. चावी तुमच्या खिशात. मी लघवीला गेलो तरी तुम्ही गाडीत बसून राहायचं."

"अहो, एवढं काय..."

"एवढंच हाय!" काळुराम ओरडला. माडीवरून यज्ञेशच्या आईने, श्यामलाबाईंनी, खाली डोकावून पाहिलं आणि खिडकी लावून घेतली. ते त्याला कॅन हुंगण्यापेक्षा जास्त लागलं.

पंपावरच्या मालूने नळी लावली. "मालू, पयला खटका पडला की थांब. वरून थेंबभर पण नको," काळुराम म्हणाला. "संध्याकाळी येतो तवा ह्याच नळीवर, असाच खटका." मग त्याने यज्ञेशसमोर ट्रिपचा मीटर शून्यावर आणला आणि गाडी काढली.

वाटेत वडखळला नेहमीचा चहासुद्धा झाला नाही. पेणला ऑफिससमोर गाडी उभी केली तेव्हा मीटरवर अडतीस होते.

अडतीस.

काळुराम त्या आकड्याकडे बघत राहिला. हे त्याला नवं नव्हतं. गेले काही महिने तो अडतीसच बघत होता. पूर्वी हाच रस्ता बेचाळीस भरायचा. पण हायवेचं काम इतकी वर्षं चाललंय, आज इथून वळवतात, उद्या तिथून, कुठे पूल उघडतात. रस्ता कुठेतरी कमी झाला असेल, असं त्याने मनाशी धरलं होतं. आज पहिल्यांदा त्याला वाटलं, अरे, रस्ता कमी होतो आणि वेळ मात्र तेवढाच लागतो, हे कसं?

दिवसभर तो ऑफिसच्या पायरीवर बसून होता. समोरच्या कारखान्यात गणपतींच्या मूर्तींना सफेद्याचा पहिला हात चालला होता. डबा त्याने उघडला नाही. यज्ञेश दोनदा खिडकीत येऊन गाडी बघून गेला. बघ म्हणावं, पोटभर बघ!

संध्याकाळी रोह्याचा पंप. तीच नळी, पहिला खटका. सव्वापाच लिटर. मीटर शहात्तर.

यज्ञेशने मोबाईलवर भागाकार केला. पुन्हा केला.

"किती?" काळुरामने विचारलं.

"साडेचौदा."

"आता सांगा. आज चोरी कोणी केली? मी का तुम्ही?"

यज्ञेशने वाकून मीटरवरचा आकडा पुन्हा वाचला.

"आता तुमच्या मोबाईलवर रस्ता लावा. पंप ते हाफिस. किती दाखवतो?"

"बेचाळीस."

"जाऊन-येऊन चौऱ्याऐंशी. तुमच्या मीटरने आठ किलोमीटर गिळले, दादा. आणि का गिळले?" काळुरामने पुढच्या टायरवर लाथ मारली. "दिवाळीला ही धेंडं बसवलात. मी म्हटलं होतं, कंपनीचं माप असू द्या. तुम्ही म्हणालात, काका, रुबाब बघा! चाक मोठं झालं की एका फेऱ्यात जास्ती रस्ता जातो. मीटर बापडा फेरे मोजतो, त्याला काय ठाऊक चाक बदललंय? चौऱ्याऐंशीला सव्वापाचने भागा!"

यज्ञेशने भागलं. सोळा. त्याने कपाळावर हात मारला आणि हसला. "च्यायला! काका, इंजिनिअर मी, आणि हे माझ्या डोक्यातच नाही आलं. कमाल आहे! चला, विषय संपला."

"संपला कसा? वरश्याला माझ्या घरी चला. गिरजाला सांगा."

"मी फोन करतो ना काकूंना."

"हुंगायला फोन केला होतात?"

वरश्याच्या आळीत गाडी शिरली तेव्हा बायका दारातच होत्या. शेजारचा केरू ओट्यावरून उठला. गिरजाबाई हात पुसत पुढे आली. यज्ञेशने काच अर्धी खाली केली.

"काकू, तो ॲव्हरेजचा हिशेब जरा चुकला होता हं. काकांचं काही नाही त्यात."

आळीत कोणाला ते ऐकूही गेलं नाही.

"खाली उतरून सांगा," काळुराम म्हणाला.

"काका, सांगितलं ना. आता ताणू नका. उशीर होतोय, चला."

चोर ठरवायला हा माणूस उंबरा ओलांडून चुलीपर्यंत आला होता, आणि साव म्हणायला याला काचसुद्धा पुरती खाली करवत नव्हती! काळुरामने इंजिन बंद केलं, चावी काढली आणि यज्ञेशच्या हातावर ठेवली.

"चालवा तुम्ही. बावीस वर्षं झाली, पुरे."

"अहो काका, असं काय? उद्या..."

"उद्या नाय. परवा नाय."

तो उतरून गिरजाबाईशेजारी जाऊन उभा राहिला. यज्ञेशने चावी मुठीत धरली. पण गाडी घरी न्यायची तर ड्रायव्हरच्या सीटवर जायला हवं होतं. शेवटी त्याने दार उघडलं आणि तो खाली उतरला. सगळ्या आळीसमोरून, मान खाली घालून, तो गाडीला वळसा घालून गेला. 

गाडी सुरू झाली. रिव्हर्स टाकताना गिअर करकरला, गाडीने एक हिसका खाल्ला. काळुरामचा डावा पाय अंगणातल्या मातीत आपोआप दाबला गेला, आणि गाडी वळून आळीबाहेर पडेपर्यंत त्याने तो उचलला नाही.