नरसिंहाचा खांब

मित्रांनो, मी खांब आहे, पण माझ्यावर छप्पर कधी टेकलं नाही. मी नाटकातला खांब. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर गोणपाट, त्यावर कागदाचा लगदा. आतून पोकळ, समोर एक दार. आतून ढकललं की ते फटकन उघडतं.

मला एका सुताराने बनवलं. दर होळीला, लाकडं पेटवण्याआधी, गल्लीतली माणसं प्रल्हादाची गोष्ट करतात. सुतार त्यात हिरण्यकश्यपू होई. त्याचा धाकटा भाऊ शिंपी. तो सिंहाचा मुखवटा चढवून माझ्यात उभा राही आणि नरसिंह होई. हिरण्यकश्यपूला वर होता: ना माणसाकडून मरण, ना पशूकडून, ना घरात, ना बाहेर, ना दिवसा, ना रात्री. म्हणून आमचा शेवटचा प्रवेश नेमका तिन्हीसांजेला येई. मी दुभंगलो की बायाबापड्या हात जोडत. वर्षातला तेवढाच एक दिवस माझा. बाकी दिवस मी गोदामात उंदरांच्या सोबतीला.

मग भावाभावांत बिनसलं. कारण काय, तर पुतणीच्या लग्नातला मानपान. सहा वर्षं अबोला. नाटक मात्र दोघांनी सोडलं नाही. थोरला डरकाळी फोडून विचारी, धाकटा आतून गुरगुरे. तेवढंच त्यांचं बोलणं.

गेल्या होळीला कुणीतरी म्हणालं, "खांबाची अगदी रया गेली हो!" सुताराला ते लागलं. त्याने सकाळीच माझ्या भेगा लगद्याने बुजवल्या आणि वर तैलरंगाचा जाड हात मारला. धाकट्याला कळवणार कोण? दुपारी, खेळ सुरू होण्याआधी, तो मुखवटा घालून आत शिरला आणि दार ओढून घेतलं. ओला रंग फटीत दाबला गेला आणि तिथेच वाळला.

बाहेर होलिका प्रल्हादाला मांडीवर घेऊन बसली. लाल कापडाच्या ज्वाळा हलल्या. वर मिळालेली होलिका जळाली, प्रल्हाद हसत बाहेर आला. आत शिंप्याने दोनदा दार ढकललं. भेगा बुजल्यामुळे हवा येईना; रंगाच्या वासाने घुसमटून तो माझ्या भिंतीला टेकत खाली घसरला. मला सगळं कळत होतं. करता काहीच येत नव्हतं.

"सांग, या खांबात आहे का तुझा देव?" राजाने मला लाथ घातली. गुरगुर नाही. त्याने पुन्हा विचारलं. प्रल्हाद झालेली, गल्लीतल्या डॉक्टरीणबाईंची नात हळूच म्हणाली, "काका, आतून आवाजच येत नाहीये."

राजाने गदा फेकली. ज्याला नखांनी फाडायचं, तोच नखांनी मला फाडू लागला. लोकांना वाटलं, यंदा नवीनच काढलंय. टाळ्या पडल्या. दार उचकटलं आणि नरसिंह राजाच्या अंगावर कोसळला. राजाने त्याचं डोकं मांडीवर घेतलं, मुखवटा काढला. "बारक्या! ए बारक्या, डोळे उघड!" टाळ्या थांबल्या.

बऱ्याच वेळाने शिंपी पुटपुटला, "दादा, तुला मारायचं राहिलं ना."

"मार नंतर. आधी पाणी पी."

माझ्या चिंधड्या झाल्या होत्या. कुणीतरी म्हणालं, "टाका हा होळीत, चांगला पेटेल." शिंपी पडल्या पडल्या ओरडला, "सोळा वर्षं उभा राहिलोय मी त्यात. हात लावू नका!"

दुसऱ्या दिवशी सगळे रंग खेळत होते. हे दोघे भाऊ मला दुरुस्त करत बसले होते. बिजागरी डावीकडे की उजवीकडे, यावरून दुपारपर्यंत कडाकडा भांडले. सहा वर्षांचं साठलेलं सगळं त्या एका बिजागरीवर निघालं. मग शिंप्याच्या बायकोने दोघांना एकाच ताटात वाढलं.

मित्रांनो, जुन्या वस्तूला रंग द्या, जरूर द्या. पण जो आत उभा राहणार आहे त्याला तेवढं सांगा.